घासलेलं नाणं 'ओरिजिनल' म्हणून विकू नका

प्रति,
कोल्हापूर, हुपरी, इचलकरंजी आणि आसपासच्या गावांतून मोबाइलवर जुनी नाणी विकणारे सर्व विक्रेते

विषय : नाणी साफ करून, ते न सांगता विकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आणि माझी गाठ रात्रीच पडते. जेवणं उरकली की ग्रुपवर लॉट, म्हणजे विक्रीला काढलेली नाणी, पडायला लागतात, खाली बोल्या सुरू होतात, कुणी लाइव्ह येऊन एकेक नाणं कॅमेऱ्यासमोर धरतं. या धंद्यामुळे आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. पूर्वी चार चांगली नाणी एका जागी बघायची तर पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनाची वाट बघावी लागायची. आता गारगोटीतला किंवा शिरोळातला माणूसही घरबसल्या राणीछाप रुपया मागवतो. हा धंदा चालावा, वाढावा, असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

मागणी सरळ आहे. नाणं घासलेलं असेल, ॲसिडात बुडवलेलं असेल, त्यावर बफ मारलेला, म्हणजे यंत्राच्या चाकावर धरून चमकवलेलं असेल, गळ्यात घालायला लावलेली कडी काढून जागा गुळगुळीत केलेली असेल, तर तसं वर्णनात स्पष्ट लिहा. आणि विकायला काढण्याआधी नाणं उजाळून घ्यायची जी सवय पडली आहे, ती थांबवा.

आपल्या गावात उजाळ्याची सोय हाताशी आहे, हे मी जाणतो. गुजरीत, आपल्या सराफांच्या पेठेत, साज किंवा पुतळ्यांची माळ उजाळायला टाकली की नव्यासारखी होऊन येते. हुपरीच्या पैंजणांना शेवटचा हात फिरला की चांदी लखलखते. त्या कारागिरांच्या हातात कसब आहे आणि त्यांच्याकडे जे काम येतं ते ते चोख करून देतात. दागिना अंगावर मिरवायचा असतो, त्याला झळाळी हवीच. नाण्याचं तसं नाही. संग्राहक नाण्यासाठी पैसे मोजतो ते त्याच्या पृष्ठभागासाठी, आणि उजाळा देताना नेमका तोच पृष्ठभाग निघून जातो.

हे कसं होतं ते थोडं खोलात सांगतो. तुमच्यातले बरेच जण या धंद्यात नवे आहेत आणि कुणी समजावून सांगितलेलं नाही, असं मला दिसतं.

टांकसाळीत दोन ठशांच्या मधे धातूची चकती दाबली जाते, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि ठशाच्या खोलगट भागात चढतो. सरकताना पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उठतात, मध्यापासून बाहेरच्या दिशेने. या रेषांवरून उजेड परावर्तित होतो. म्हणून न वापरलेलं नाणं बोटांत धरून हळूच कलवलं की प्रकाशाचे दोन पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे गोल फिरतात. लस्टर म्हणतात ते हेच. ते फक्त ठशाच्या दाबाने येतं. एकदा या रेषा मोडल्या की जगातला कुठलाही कारागीर त्या परत आणू शकत नाही. चिंचेचा कोळ, राख, टूथपेस्ट, खायच्या सोड्याची पेस्ट, चांदी चमकवायची पावडर, यातल्या कशानेही चोळलं की त्या रेषांची टोकं झिजतात आणि त्यांच्या जागी चोळण्याचे ओरखडे येतात. चमक दिसते, पण ती मेलेली चमक असते. नाणं कितीही कललं तरी ती जागची हलत नाही.

ॲसिडाच्या 'डिप'चा प्रकार वेगळा आहे. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळसर थर बसतो. डिपमध्ये बुडवलं की तो थर काही सेकंदांत विरघळतो, पण त्याच्याबरोबर चांदीचाही अगदी पातळ पापुद्रा जातो. एखादं खरोखर न वापरलेलं नाणं जाणत्या माणसाने एकदाच, अगदी थोडा वेळ बुडवून पाण्याने स्वच्छ धुतलं, तर फारसं बिघडत नाही, असं मानणारे जाणकार आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण आपल्याकडे तीच बाटली, तेच नाणं आणि प्रत्येक नव्या मालकागणिक एक बुडी, असं चालतं. चार-पाच बुड्यांनंतर नाणं चुन्याची निवळी फासल्यागत पांढरंफटक पडतं. आणि नीट धुतलं नाही, तर वर्षभरात त्यावर पिवळे-तपकिरी डाग फुटतात. तोपर्यंत ते तिसऱ्याच्या अल्बममध्ये गेलेलं असतं.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या पेठेतला अकरावीतला एक मुलगा माझ्याकडे १८६२ सालचा रुपया घेऊन आला. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशातून त्याने तो ऑनलाइन बोलीत घेतला होता. वर्णनात लिहिलं होतं : 'यूएनसी, फुल लस्टर', म्हणजे अजिबात न वापरलेलं, मूळ चमक पूर्ण असलेलं. विक्रेता कोण ते मी इथे लिहिणार नाही, कारण हे एकट्या माणसाचं काम नाही. खिडकीपाशी नेऊन आम्ही दोघांनी तो दहापटीच्या भिंगाखाली बघितला. राणीचा गाल सपाट झालेला, कानावरच्या केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या, म्हणजे नाणं चांगलं वीस-तीस वर्षं हातोहात फिरलेलं. तरीही मैदान, म्हणजे चेहऱ्याच्या आजूबाजूची मोकळी जागा, आरशासारखी. झिजलेलं नाणं आणि नव्याची झळाळी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. ज्या हातांनी राणीचा गाल झिजवला, त्यांनी त्या मैदानाचंही तेज कधीच नेलेलं असतं.

नाणं कललं तसे मैदानावर केसाएवढे ओरखडे दिसायला लागले. सगळे एकाच दिशेने, डावीकडून वरून उजवीकडे खाली. ते राणीच्या नावातल्या अक्षरांच्या माथ्यावरूनही तसेच पुढे गेलेले. मुकुटाच्या फटींत आणि अक्षरांच्या पोटात मात्र जुना काळा मळ तसाच होता, कारण कापड तिथवर पोचलंच नाही. कडेला, बरोबर मुकुटाच्या वर, कंगोरे गायब होऊन एक छोटा सपाट भाग झालेला आणि तिथल्या चांदीचा रंग जरा वेगळा. कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यात हा रुपया होता. कडी काढून, जागा कानशीने साफ करून, मग सगळ्यालाच बफ मारला होता. काट्यावर वजन भरलं ११.४ ग्रॅम. मूळ वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम.

मुलाने विचारलं, "काका, म्हणजे हे नाणं खोटं आहे?"

नाणं शंभर टक्के खरं होतं. खोटं होतं ते वर्णन. हे मी त्याला सांगितलं, पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यानंतर त्याने बोली लावलेली मी पाहिलेली नाही. तुम्ही त्या एका रुपयावर काही शे रुपये जास्त कमावले असतील. तो पुढे तीस-चाळीस वर्षं तुमचं गिऱ्हाईक राहिला असता.

त्या नाण्याचं दुसरं नुकसान मुलाला ठाऊकही नव्हतं. १८६२ हे साल टांकसाळीने पुढची बरीच वर्षं रुपयावर तसंच ठेवलं आणि मागच्या बाजूला ठिपक्यांची संख्या आणि जागा बदलत नेली. संग्राहक ते ठिपके मोजून प्रकार ओळखतात. या रुपयावर एक ठिपका स्पष्ट होता, दुसरा होता की नव्हता ते भिंगाखालीही ठरेना. बफने तो खाल्ला होता. पाचव्या जॉर्जच्या रुपयाचं तर याहून वाईट होतं. त्यावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक उंच ठिपका असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. तो ठिपका घासून गेला की मुंबईचं नाणं कलकत्त्याचं म्हणून विकलं जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. १९११ च्या रुपयात राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून गवगवा झाला आणि १९१२ पासून सोंड सुधारून नवा ठसा आला. ती सोंड किती मोठी असते? नखाच्या टोकावर मावेल एवढी. यंत्राच्या चाकाखाली ती किती टिकेल ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या मातीतल्या नाण्यांविषयी. इथे माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत, रोमहून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्तीसुद्धा. याच कोल्हापूर परिसरात सातवाहन काळातल्या 'कुर' राजांची शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची नाणी सापडतात : एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि कठड्यातलं झाड. तीन नावं मिळतात : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. हे राजे आपल्याला माहीत आहेत ते जवळजवळ फक्त या नाण्यांमुळे. मग यांच्यात आधी कोण, नंतर कोण, हे कशावरून ठरलं? सिवलकुराने वासिठीपुताच्या जुन्या नाण्यांवरच आपला ठसा मारला आणि गोतमीपुताने त्या दोघांच्या नाण्यांवर आपला मारला. नव्या ठशाखालून जुन्या ठशाची पुसट अक्षरं, धनुष्याची अर्धी दोरी, टेकडीची एखादी कमान डोकावत राहिली. त्या पुसट खुणा वाचून अभ्यासकांनी क्रम लावला. कोल्हापूरच्या इतिहासाचं एक आख्खं पान या पुसट रेघांवर उभं आहे.

अशा नाण्यावर कुणी पितळी ब्रश फिरवला, किंवा 'पांढरं डाग जातील' म्हणून ते व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं, तर काय उरेल? शिसं व्हिनेगरला टिकत नाही, ते खाल्लं जातं. आधी खालचा जुना ठसा जातो, मग वरचाही. हातात राहते राखाडी गोटी. अशी गोटी मी विकायला आलेली पाहिली आहे, वर लिहिलेलं होतं, 'सातवाहन, क्लीन पीस'. (जाता जाता : शेतात किंवा नदीकाठी जमिनीत पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तो थेट लॉटमध्ये टाकायचा नसतो.)

तांब्याच्या शिवराईचंही हेच चाललंय. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही अक्षरं हातात यावीत म्हणून लोक जिवाचं रान करतात. तांब्यावर शेकडो वर्षांत तयार झालेला गडद तपकिरी किंवा हिरवट घट्ट थर म्हणजे पॅटिना. तो धातूचं रक्षण करतो, आणि जमिनीतून निघालेल्या नाण्यात पुष्कळदा अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात, खालचा धातू खाल्लेला असतो. लिंबू-मीठ लावून थर काढला की अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. मग उघडं पडलेलं तांबं गुलाबी-नारिंगी दिसतं, जे जुन्या तांब्यावर कधीच दिसत नाही. ते लपवायला बुटाचं पॉलिश, जळकं तेल, गंधकाचं पाणी, असले उपाय होतात. वास घेतला तरी कळतं. पूजेचा कलश आणि समया दर सणाला घासाव्यात, त्यांना ते शोभतं. शिवराईला पावडर लावायचं कारण नाही. हिरवा थर घट्ट नसून फिकट, भुरभुरीत असेल आणि पुसला तरी पुन्हा फुटत असेल, तर मात्र तो रोग आहे. तसं नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवून जाणकाराला दाखवावं लागतं, आणि विकताना तेही सांगावं लागतं.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे, कारण ते मी फोनवर पुष्कळदा ऐकलं आहे. "गिऱ्हाइकाला चकाकतंच लागतं, काळं नाणं टाकलं तर कोण बोली लावत नाही." यात तथ्य आहे. पण गिऱ्हाइकाला ही गोडी लागली कुठून? वर्षानुवर्षं त्याला चकचकीत म्हणजेच चांगलं असं दाखवलं गेलं आणि कडेपासून आत चढत गेलेला सोनेरी, मग जांभळट, मग निळसर असा नैसर्गिक टोनिंगचा रंग म्हणजे 'खराब झालेलं' असं सांगितलं गेलं. जो थर नाण्याने कपाटात पडून पडून आपसूक मिळवला, तो जाणत्या बाजारात जास्त भावाने जातो. लक्ष्मीपूजनात ठेवायला ज्यांना चकचकीत चांदी हवी आहे, त्यांच्यासाठी गुजरीत नवी नाणी मिळतात. ती घ्यावीत. दीडशे वर्षांचा रुपया त्यासाठी कशाला घासायचा?

आणि हो, घराघरांतून येणाऱ्या नाण्यांचा प्रश्न आहेच. धनत्रयोदशीला चिंचेने धुतलेली, हळदीकुंकू लागलेली, पिढ्यान्पिढ्या देव्हाऱ्यात राहिलेली नाणी तुमच्याकडे विकायला येतात. आजीने ती श्रद्धेने धुतली, त्यात तिचं काही चुकलं नाही. ती देवाची नाणी होती. तुमच्याकडे आल्यावर ती विकायची वस्तू झाली, आणि विकणाऱ्यावर सांगायची जबाबदारी येते. 'देव्हाऱ्यातलं नाणं, वेळोवेळी धुतलेलं' असं लिहायला कुठे कमीपणा आहे? अशी नाणी घेणारे आहेत. मी स्वतः घेतो, धुतलेल्या नाण्याच्या भावाने.

"आम्हाला ओळखता येत नाही" हेही काहीजण खरेपणाने सांगतात. त्यांच्यासाठी थोडं. चोळल्याचे ओरखडे नाण्यात खोल गेलेले असतात आणि ते अक्षरांवरून, चेहऱ्यावरून सरळ आरपार जातात. टांकसाळीत ठसा घासला गेल्याच्या रेषा याच्या उलट, नाण्यावर उठून आलेल्या असतात आणि अक्षराच्या कडेपाशी थांबतात. त्या दोषात धरत नाहीत. थैलीत नाण्यावर नाणं आपटून पडलेले टोचे वेडेवाकडे, इकडेतिकडे असतात, तेही वेगळे. फिरत्या यंत्राला तारेचा ब्रश लावून आणलेली खोटी चमक ओळखायची तर अक्षरांच्या पायथ्याशी बघा, ढकललेला धातू तिथे बारीक बांधासारखा साचलेला दिसतो. जुनी घासणी असेल, पन्नास वर्षांपूर्वीची, तर वर पुन्हा रंग चढलेला असतो, पण भिंगाखाली रंगाच्या आत ओरखडे दिसतात. गुजरीतल्या कुठल्याही ओळखीच्या सराफाकडे भिंग असतं, मागितलं तर देतो. एका दुपारी वीस नाणी शेजारी शेजारी ठेवून बघा. माझी खात्री आहे, पुढे तुम्हाला फोटोवरूनही कळायला लागेल.

फोटोंचं बोलायलाच हवं, कारण ऑनलाइन विक्रीत आमच्या हातात नाणं नसतं, तुमचा फोटो असतो. वरून थेट फ्लॅश मारला की सगळे ओरखडे पांढऱ्या झोतात बुडतात. फिल्टर लावला की ते उरतच नाहीत. त्याऐवजी सकाळच्या उजेडात खिडकीपाशी, फ्लॅश बंद ठेवून, नाणं हळूहळू कलवत दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा. लस्टर खरं असेल तर ते फिरताना त्यात दिसतं, ओरखडे असतील तर तेही दिसतात. दोन्ही बाजू आणि कड दाखवा. कड कुणीच दाखवत नाही आणि कडीची जागा तिथेच असते. वजनकाट्यावरचा आकडा दिसेल असा एक फोटो द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जाऊन बारीक तपशील पुसले जातात, म्हणून मोठी किंमत असेल तेव्हा तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एकाच नाण्याचा फोटो पाच नाण्यांच्या विक्रीला वापरणं तर ताबडतोब बंद करा, ती सरळ सरळ फसवणूक आहे.

'नो रिटर्न' लिहून टाकलं की जबाबदारी संपली, असा एक समज आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, ऑनलाइन बाजारपेठेवरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आता बऱ्याच संग्राहकांना पाठ आहे. मला हे प्रकरण तक्रारींवर जायला नको आहे. आपल्या गावातली माणसं आहेत, फोन करून मिटावं. पण लिहून ठेवतो, कारण 'ओरिजिनल लस्टर' हे वर्णन आहे आणि वर्णनाला तुम्ही बांधील आहात.

बाहेरच्या बाजारात याची किंमत रोज मोजली जाते. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांकडे घासलेलं नाणं गेलं, तर त्याला आकड्याचा ग्रेड मिळत नाही. डबीवर 'डिटेल्स' असा शेरा येतो आणि साफ केल्याचं कारण लिहिलेलं असतं. असा शेरा आला की बऱ्याच साध्या नाण्यांचा भाव पार चांदीच्या भावाजवळ येतो. ब्रिटिश काळच्या, १९४० च्या आधीच्या पूर्ण रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. 'यूएनसी' म्हणून घेतलेलं नाणं शेवटी त्या वजनावर येऊन बसतं आणि घेणारा कायमचा तुटतो.

मग साफ करायचंच नाही का? धूळ, तेल, अल्बमच्या स्वस्त प्लास्टिकमुळे बसलेला हिरवा चिकट थर, हे काढावं लागतं. चांदी-सोन्याच्या नाण्याला शुद्ध ॲसिटोन चालतं, ते धातूला खात नाही. नाणं काचेच्या वाटीत बुडवून ठेवायचं, खिडकी उघडी, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नाही, मग बाहेर काढून नुसतं हवेवर वाळू द्यायचं. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात रंग आणि सुगंध मिसळलेले असतात. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. चोळणं कुठेच नाही, टिपतानासुद्धा नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात कित्येकांच्या तिजोऱ्या गाळात बुडाल्या, अल्बम भिजले. ज्यांनी नाणी नुसती पाण्यात धरून गाळ सुटू दिला, त्यांची वाचली. ज्यांनी घाईने फडक्याने पुसली, त्यांच्या नाण्यांवर गाळातल्या वाळूने रेघोट्या ओढल्या. पावसाळ्यात आपल्याकडची हवा महिनोन्महिने ओली असते, तेव्हा पीव्हीसीचे, म्हणजे त्याच स्वस्त प्लास्टिकचे, पाऊच बदलून चांगले होल्डर वापरलेत, तर निम्मी नाणी साफ करायची वेळच येणार नाही. संग्राहकांसाठी खास पाडलेल्या सरकारी प्रूफ नाण्यांना तर बोट लावू नका. आरशासारख्या पृष्ठभागावरून रुमालाचा एक हात फिरला तरी रेषा उमटतात.

ज्यांच्याकडे घासलेला माल आधीच पडून आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. तो फेकून देऊ नका आणि त्यावर रंग चढवून तो झाकूही नका. वेगळा काढा, लॉटच्या पहिल्याच ओळीत 'साफ केलेलं' किंवा 'कडी काढलेलं' असं लिहा आणि चांदीच्या भावावर थोडं चढवून किंमत ठेवा. नवी मुलं शिकायला अशी नाणी घेतात, शाळांना दाखवायला लागतात. असा लॉट तुम्ही टाकलात तर पहिली बोली माझी असेल. तो अकरावीतला मुलगा आता बारावीत गेला आहे. त्यालाही तो लॉट दाखवीन.

आपला,
एक नाणेसंग्राहक
कोल्हापूर